युद्धे भूगोलामुळे होतात की माणसांच्या निर्णयांमुळे?

अथांग (धागाकर्ता)

नमस्कार. फेब्रुवारी २०२२ पासून मी आंतरराष्ट्रीय बातम्या नेमाने वाचू लागलो. रशियाचे युक्रेनवरील आक्रमण, सुदानमधील यादवी, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेला हल्ला आणि त्यानंतर गाझाची झालेली राखरांगोळी, तांबड्या समुद्रातील जहाजांवरचे हल्ले, पूर्व काँगोमधील लढाई हे सगळे रोज वाचूनही माझी अडचण जिथल्या तिथे आहे. कोणत्या शहरावर क्षेपणास्त्र पडले आणि कोणत्या राजधानीतून निषेध झाला एवढे बातमीतून कळते. हे मुळात सुरू का झाले, असे विचारले की दोन टोकांची उत्तरे मिळतात. काही जाणकार म्हणतात की सगळे नकाशात लिहिलेले असते. डोंगर, नद्या, सामुद्रधुन्या आणि बंदरे यांनी देशांचे वागणे ठरते. दुसरे म्हणतात की अमुक एका नेत्याच्या डोक्यात सत्तेची हाव शिरली म्हणून युद्ध झाले. पहिल्या उत्तरात कोणीच जबाबदार उरत नाही आणि दुसऱ्या उत्तरात तो नेता गेला की प्रश्न सुटायला हवा, तसे होताना दिसत नाही.

संघर्षाची कारणे नेमकी कुठे शोधावीत, कोणत्या क्रमाने शोधावीत, याविषयी अभ्यास किंवा अनुभव असलेल्या सदस्यांनी लिहावे, ही विनंती.

नकाशावेडा

माझे मत भूगोलाच्या बाजूने आहे, हे आधीच सांगतो. १९०४ साली लंडनमध्ये हॅलफर्ड मॅकिंडर यांनी युरेशियाचा अंतर्भाग हा जागतिक सत्तेचा कणा असल्याचा सिद्धान्त मांडला, तेव्हापासून या विषयाला शिस्त आली. तो सिद्धान्त जसाच्या तसा स्वीकारण्याची गरज नाही. पण क्राइमियातील सेवास्तोपोलकडे पाहा. बारमाही मोकळे राहणारे खोल बंदर, १७८३ पासून रशियाच्या काळ्या समुद्रातील आरमाराचे घर आणि १९९१ नंतर अचानक दुसऱ्या देशाच्या, युक्रेनच्या हद्दीत. १९९७ मध्ये रशियाने ते भाडेकराराने घेतले आणि २०१० मध्ये स्वस्त वायूच्या बदल्यात ती मुदत २०४२ पर्यंत वाढवून घेतली. चार वर्षांनी कीव्हमधील सरकार पडताच रशियाने क्राइमिया ताब्यात घेतला.

त्या आरमाराला भूमध्य समुद्रात जायचे तर तुर्कस्तानच्या दारातून जावे लागते. १९३६ च्या माँत्र करारान्वये बॉस्फरस आणि दार्दानेल्स यांची किल्ली तुर्कस्तानच्या हाती आहे. २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर तुर्कस्तानने त्याच कराराचे कलम लावून युद्धरत देशांच्या युद्धनौकांना हा मार्ग बंद केला. आपल्या मूळ तळावर परतणाऱ्या नौकांचा तेवढा अपवाद राहिला. नव्वद वर्षांपूर्वीच्या कागदात एवढी ताकद आहे, कारण त्याच्या मागे ती अरुंद जागा आहे. नेते बदलतात, सामुद्रधुनी तिथेच राहते.

इतिहास_शिक्षिका

अथांग, तुमच्या प्रश्नाला हात घालण्याआधी एक जुना भेद लक्षात घ्यावा असे सुचवते : निमित्त वेगळे आणि कारण वेगळे. वर्गात हा भेद शिकवताना मी नेहमी १९६९ चे एल साल्वादोर आणि होंडुरास यांचे युद्ध घेते.

त्या वर्षी जूनमध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीत हे दोन देश समोरासमोर आले. सामन्यांच्या वेळी दंगली झाल्या, १४ जुलै रोजी एल साल्वादोरच्या सैन्याने सीमा ओलांडली आणि सुमारे शंभर तास युद्ध चालले. जगाने त्याला 'फुटबॉल युद्ध' असे नाव दिले आणि त्या नावानेच समज बिघडवली. एल साल्वादोर होंडुरासच्या एक पंचमांशाहूनही लहान, तरी लोकसंख्येने जास्त. तिथली जमीन मूठभर घराण्यांच्या हातात असल्याने सुमारे तीन लाख भूमिहीन माणसे होंडुरासमध्ये जाऊन शेती करत होती. होंडुरासमध्येही मोठे जमीनदार होतेच. भूमिसुधारणा करण्याची वेळ आली, तेव्हा तिथल्या सरकारने त्या जमीनदारांना हात न लावता या परदेशी कष्टकऱ्यांना हुसकावले. हजारो कुटुंबे परत येऊ लागली आणि एल साल्वादोरच्या राज्यकर्त्यांना आपल्याच देशातील जमिनीच्या प्रश्नाला तोंड देण्यापेक्षा शेजाऱ्याशी लढणे सोपे वाटले.

विद्यार्थ्यांना मी आधी फक्त सामन्यांच्या बातम्या वाचायला देते आणि दुसऱ्या दिवशी जमिनीच्या मालकीविषयीची माहिती फळ्यावर लिहिते. 'म्हणजे दोन्ही सरकारांनी घरातला प्रश्न सीमेवर नेला,' असे एक मुलगी म्हणाली होती. त्या वाक्यात माझा तासाभराचा पाठ आला.

मितभाषी

धागा वाचत आहे. तांबड्या समुद्राविषयी जहाजावर काम केलेल्या कोणी लिहिले तर बरे होईल.

दर्यावर्दी

मितभाषी, मी मालवाहू जहाजांवर बावीस वर्षे काढली आणि बाब-अल-मंदेबमधून कितीदा गेलो ते मोजलेले नाही. ही सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी तीसेक किलोमीटरची आहे. डाव्या हाताला आफ्रिका आणि उजव्या हाताला येमेन अशी वाट धरून, एडनच्या आखातातून वर तांबड्या समुद्रात शिरायचे आणि सुएझकडे जायचे. मधल्या पेरिम बेटामुळे प्रत्यक्षात मोकळी वाट आणखी चिंचोळी होते. सोमाली चाच्यांच्या काळात आम्ही डेकच्या कडेने काटेरी तारा गुंडाळत असू, पाण्याचे जोरदार फवारे बाहेरच्या बाजूला रोखून ठेवत असू आणि हल्ला झालाच तर सर्वांनी इंजिन-रूमजवळच्या बंदिस्त खोलीत शिरायचे, याची तालीम करत असू. शिडी लावून चढणाऱ्या माणसाविरुद्ध हे उपाय चालतात. क्षेपणास्त्र आणि ड्रोन यांच्यापुढे काटेरी तारेला काही अर्थ नाही.

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनमधील हुथी या सशस्त्र गटाने गाझाच्या युद्धाचे कारण देत 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज हेलिकॉप्टरमधून माणसे उतरवून पळवले. त्यावरचे पंचवीस खलाशी सुटले ते जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे चौदा महिन्यांनी. मार्च २०२४ मध्ये 'ट्रू कॉन्फिडन्स' जहाजावरील हल्ल्यात तीन खलाशी मारले गेले. त्यांचा गाझाशी किंवा येमेनशी काय संबंध होता? त्यानंतर माझे जहाज केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागले. दहा ते पंधरा दिवस जास्त, इंधन जास्त, विमा जास्त. सुएझ कालव्याचे २०२४ मधील उत्पन्न आदल्या वर्षाच्या निम्म्याहूनही खाली आले आणि तो घाव बसला इजिप्तला, जो या युद्धात पक्षकारच नव्हता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसे हे प्रकरण आहे.

मला त्यातून एवढे उमगले की भूगोल तोच असूनही धोका एकदम बदलला. ती सामुद्रधुनी १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यापासून महत्त्वाची आहेच. तिच्या काठावरच्या एका सशस्त्र गटाच्या हाती लांब पल्ल्याची शस्त्रे आली आणि त्याने ती वापरायचे ठरवले, हे नवे होते.

तिसरी_बाजू

दर्यावर्दी यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत आहे आणि नकाशावेडा यांच्याशी तितकाच असहमत.

ऱ्हाइन नदी जागची हललेली नाही. तिच्या काठचा आल्सास-लोरेन प्रदेश १८७१ मध्ये जर्मनीकडे, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीकडे आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पुन्हा फ्रान्सकडे गेला. पाऊणशे वर्षांत एकाच घरातील माणसांनी चार वेळा राष्ट्रीयत्व बदलले. त्या काळातील कोणत्याही भूराजकारणाच्या अभ्यासकाने छातीठोकपणे सांगितले असते की तिथे पुन्हा युद्ध होणार. प्रत्यक्षात १९५१ मध्ये दोन्ही देशांनी इतर चार देशांसह कोळसा आणि पोलाद यांचे व्यवहार एका सामायिक संस्थेखाली आणले. तोफा ज्या पोलादाच्या होतात, त्या पोलादावरच एकट्याची मालकी ठेवली नाही. खाणी त्याच राहिल्या आणि त्यांच्याविषयीचा निर्णय बदलला.

युक्रेनबाबतही हेच म्हणेन. सेवास्तोपोलचा भाडेकरार २०४२ पर्यंतचा होता, म्हणजे बंदर हाती होतेच. मग फक्त बंदरासाठी युद्ध झाले असे कसे म्हणता येईल?

नकाशावेडा

तिसरी_बाजू, ऱ्हाइनचे उदाहरण वजनदार आहे, हे मान्य करतो. तरी ते एकटे पाहू नका. १९५१ मध्ये जर्मनीचे विभाजन झालेले होते, पश्चिम जर्मनीत अमेरिकी फौजा होत्या आणि पूर्वेला सोव्हिएत रणगाडे होते. दोघांनाही तिसऱ्याचे भय असल्याने एकत्र येणे परवडले. तो निर्णय शहाणपणाचा होता. पण तो शक्य झाला त्या मागची मांडणी भूराजकीयच होती.

भाडेकराराबाबत असे की भाडेकरूला घरमालकाचे मन बदलण्याची भीती असतेच. एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टच्या बैठकीत नाटोने युक्रेन आणि जॉर्जिया पुढे सदस्य होतील असे जाहीर केले आणि केव्हा ते मात्र सांगितले नाही. संरक्षणाची हमी दिली नाही, रशियाला दुखावले मात्र. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जॉर्जियात युद्ध झाले. त्या घोषणेचा विचार न करता पुढच्या घटना समजणार नाहीत.

सीमोल्लंघन

या चर्चेत एक उणीव मला अस्वस्थ करते, म्हणून थोडे तीव्र लिहितो. मॉस्कोला काय वाटले आणि ब्रुसेल्सला काय वाटले, याविषयी आपण बोलतो. मधल्या चार कोटी माणसांना काय वाटले? १ डिसेंबर १९९१ रोजी झालेल्या सार्वमतात युक्रेनमध्ये मत देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी स्वातंत्र्याला कौल दिला. क्राइमियात हे प्रमाण कमी होते, तरी तिथेही बहुमत स्वातंत्र्याकडेच होते. १९९४ मध्ये बुडापेस्टच्या निवेदनानुसार युक्रेनने आपल्या भूमीवरची सोव्हिएत अण्वस्त्रे सोडली आणि त्या बदल्यात रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा आदर करण्याचे वचन दिले. ते वचन मोडणाऱ्याचे भय समजून घ्यायचे आणि ज्याच्याबाबत ते मोडले त्याचे भय बाजूला ठेवायचे, हे मला पटत नाही.

फिनलंडने कित्येक दशके तटस्थपणा जपला. रशियाशी १,३०० किलोमीटरहून लांब सीमा असलेला हा देश एप्रिल २०२३ मध्ये नाटोत गेला. त्याला कोणी ओढून नेले नाही. शेजाऱ्याचे वागणे पाहून तो गेला. लहान देश म्हणजे बुद्धिबळातील प्यादी असे गृहीत धरून केलेले विश्लेषण पहिल्या पानावरच चुकते.

इतिहास_शिक्षिका

सीमोल्लंघन यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्याला जोडून एवढेच म्हणेन की कारण सांगणे म्हणजे समर्थन करणे नव्हे. २००८ च्या घोषणेचा परिणाम तपासला म्हणून २०२२ च्या आक्रमणाची जबाबदारी हलकी होत नाही. पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर बोलतानाही हीच काळजी घ्यावी लागते. ब्रिटनने १९१५-१६ मध्ये मक्केचे अरब शासक हुसेन यांना अरब स्वातंत्र्याची आशा दाखवली, १९१६ मध्ये फ्रान्सबरोबर गुपचूप वाटणी ठरवली आणि २ नोव्हेंबर १९१७ च्या बाल्फोर घोषणेत पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय निवासस्थानाला पाठिंबा दिला. एकाच भूमीविषयी तिघांशी तीन प्रकारचे बोलणे झाले. पुढे युरोपातील ज्यूंचा संहार, १९४७ चा फाळणीचा ठराव, १९४८ मध्ये सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनींचे विस्थापन, १९६७ पासूनचा इस्रायलचा ताबा आणि वाढत गेलेल्या वसाहती अशी साखळी आहे. ती सगळी माहीत असूनही ७ ऑक्टोबरला घरात झोपलेल्या माणसांची हत्या समर्थनीय ठरत नाही आणि गाझातील मुलांचा मृत्यूही समर्थनीय ठरत नाही.

अक्षवृत्त

वसाहतकाळातील रेषांचा विषय निघाला आहे, तर थायलंड आणि कंबोडिया यांच्यातील प्रेह विहेअर मंदिराचे प्रकरण मांडतो, कारण रेषा प्रत्यक्षात कशी जन्मते हे त्यात फार जवळून दिसते.

१९०४ मध्ये कंबोडियावर राज्य करणारा फ्रान्स आणि सयाम (आजचे थायलंड) यांनी ठरवले की डांगरेक डोंगररांगेत सीमा जलविभाजक रेषेने जाईल, म्हणजे पाणी ज्या धारेवरून दोन बाजूंना वाहते त्या धारेने. सयामकडे पुरेसे मोजणी-तज्ज्ञ नसल्याने नकाशे फ्रेंच अधिकाऱ्यांनी काढले. १९०७ च्या त्या नकाशावर रेषा मंदिराच्या उत्तरेने गेली आणि मंदिर कंबोडियात पडले, जरी कड्यावरच्या त्या मंदिराकडे जाण्याची सोपी वाट सयामच्या बाजूने होती. नकाशे बँकॉकला पोहोचले, तेव्हा राजपुत्र डामरोंग यांनी आभार मानून आणखी पंधरा प्रती मागवल्या. हरकत घेतली नाही. १९३० मध्ये ते स्वतः मंदिर पाहायला गेले, तेव्हा फ्रेंच अधिकाऱ्याने फ्रान्सचा ध्वज फडकवून त्यांचे अधिकृत स्वागत केले. तेव्हाही ते काही बोलले नाहीत. १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने नऊ विरुद्ध तीन मतांनी मंदिर कंबोडियाला दिले आणि त्यात या दीर्घ मौनाचा मोठा वाटा होता.

न्यायालयाने मंदिराचा निकाल दिला. भोवतालच्या जमिनीचा वाद धुमसत राहिला. २००८ मध्ये मंदिर जागतिक वारसा यादीत गेल्यावर चकमकी झाल्या आणि जुलै २०२५ मध्ये त्या सीमेवर पाच दिवस तोफा आणि विमाने वापरून लढाई झाली. लाखो माणसांनी घरे सोडली. रेषा १९०७ ची होती. पण एकशे अठरा वर्षांनी तिच्यावर रक्त सांडायचे की नाही, हे त्या वेळच्या दोन सरकारांनी आपापल्या अंतर्गत राजकारणाच्या दबावाखाली ठरवले. शिक्षिकाबाईंनी सांगितलेली १९६९ ची गोष्ट इथेही लागू पडते.

रानवाट

मी पाणीपुरवठा अभियंता आहे आणि चाडच्या पूर्व सीमेवरील आद्रे या गावाजवळ निर्वासितांच्या वस्तीत सात महिने काम केले. सुदानमधील अल-जनीना शहर तिथून तीसेक किलोमीटरवर आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथून चालत आलेल्या माणसांचा ओघ थांबत नव्हता. पाण्याच्या टाकीपाशी रांगेत डबे आणि कॅन ठेवलेले असत. माणसे सावलीत बसत आणि डबाच त्यांची जागा राखत असे. एका सकाळी रांगेतील एक निळा कॅन दोन दिवस कोणी पुढे सरकवला नाही, म्हणून चौकशी केली. त्याची मालकीण रात्री दगावली होती आणि शेजारच्या बायकांनी तिचा कॅन रांगेतून काढला नव्हता.

तिथल्या लोकांना मी हाच प्रश्न विचारत असे : हे का झाले? प्रत्येकाचे उत्तर वेगळ्या काळापासून सुरू होई. एका वृद्ध शिक्षकांनी २००३ पासून सुरुवात केली, जेव्हा खार्टूमच्या (सुदानच्या) सरकारने दारफूर या पश्चिमेकडील प्रांतातील बंड मोडण्यासाठी जंजवीद टोळ्यांना शस्त्रे दिली. २०१३ मध्ये त्यांतूनच 'आरएसएफ' हे निमलष्करी दल उभे राहिले. एका तरुणाने २०११ पासून सुरुवात केली, कारण दक्षिण सुदान वेगळा झाल्यावर सुदानचे सुमारे तीन चतुर्थांश तेल गेले, महागाई वाढली आणि सोन्याच्या खाणींना महत्त्व आले, ज्यांतील काही या दलाचे प्रमुख हमेदती यांच्या हाती होत्या. तिसऱ्याने ऑक्टोबर २०२१ सांगितले, जेव्हा लष्करप्रमुख बुऱ्हान आणि हमेदती यांनी मिळून नागरी सरकार उलथवले. शेवटचा वाद होता तो हे दल नियमित सैन्यात किती वर्षांत विलीन करायचे याचा. सैन्य दोन वर्षे म्हणत होते आणि हमेदती दहा वर्षे. १५ एप्रिल २०२३ रोजी त्यावरून गोळीबार सुरू झाला आणि त्यात एक कोटीहून अधिक माणसे बेघर झाली.

माझ्या दृष्टीने त्या तिघांचीही उत्तरे बरोबर होती. राज्य चालवण्यासाठी एकदा खासगी टोळी पोसली की ती एक दिवस राज्यच मागते, एवढे मी तिथे शिकलो.

मितभाषी

रानवाट, निळ्या कॅनचा उल्लेख वाचून पुढे वाचवेना. लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

तिसरी_बाजू

रानवाट यांना एक प्रश्न आहे. शस्त्रे आणि पैसा बाहेरून आल्याशिवाय अशी लढाई इतकी वर्षे चालते का?

रानवाट

चालत नाही. संयुक्त अरब अमिराती आरएसएफला मदत करते, असा आरोप सुदानच्या सरकारने आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढेही नेला. अमिरातीने तो नाकारला आणि मे २०२५ मध्ये न्यायालयाने अधिकारक्षेत्र नसल्याच्या कारणावरून प्रकरण काढून टाकले. आरोप खरा की खोटा याचा निवाडा झालाच नाही. सोने सुदानबाहेर जाते आणि शस्त्रे आत येतात, एवढे मात्र उघड आहे. म्हणून कोणत्याही संघर्षाबाबत मी दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारतो : तो सुरू कशाने झाला आणि तो टिकला कशावर? दोन्हींची उत्तरे एकच असतीलच असे नाही.

कोळशाची_खाण

दुसऱ्या प्रश्नाला खनिजांचे उत्तर जोडायला हवे. जगात खाणीतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सुमारे ७० टक्के काँगोमधून येते. पूर्व काँगोतील रुबायाच्या कोल्टन (फोनमध्ये लागणारे खनिज) खाणी एम-२३ या बंडखोर गटाने २०२४ मध्ये ताब्यात घेतल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये गोमा शहर घेतले. आपल्या हातातील फोनपर्यंत ही साखळी येते. काँगोचे युद्ध हे खनिजांचे युद्ध आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इतिहास_शिक्षिका

अर्धे पटते. खनिजांनी ते युद्ध पोसले. जन्माला घातले नाही. १९८१ मध्ये तेव्हाच्या झाइरेने (आजच्या काँगोने) नागरिकत्वाचा कायदा बदलला आणि पूर्वेकडील रवांडी भाषा बोलणाऱ्या हजारो कुटुंबांना रातोरात परके ठरवले. १९९४ च्या रवांडातील नरसंहारानंतर दहा लाखांहून अधिक निर्वासित सीमा ओलांडून आले आणि त्यांच्यात नरसंहार करणारे सशस्त्र लोकही होते. रवांडाने त्यांचा पाठलाग केला आणि १९९६ पासून पूर्व काँगोची जमीन शांत नाही. कोल्टन त्याआधीही जमिनीत होतेच. 'हा देश कोणाचा' या प्रश्नाचे कायद्याने दिलेले उत्तर मला खाणीपेक्षा जास्त स्फोटक वाटते.

भरती_ओहोटी

पाणी आणि हवामान यांच्याविषयी कोणी लिहिले नाही. सीरियातील युद्ध २००६ नंतरच्या दुष्काळामुळे पेटले, असे अनेक ठिकाणी वाचले आहे. यापुढची युद्धे पाण्यावरूनच होतील ना?

रानवाट

पाण्याचा माणूस असूनही मी या विधानाबाबत सावध आहे. सीरियात दुष्काळ खरा होता आणि गावेच्या गावे शहराकडे निघाली, हेही खरे आहे. पण भूजल त्याआधीच बेसुमार उपसले गेले होते, २००८ मध्ये डिझेलवरचे अनुदान कापल्याने पंप चालवणे परवडेनासे झाले आणि मार्च २०११ मध्ये दारा या शहरात भिंतीवर घोषणा लिहिणाऱ्या मुलांना पोलिसांनी पकडून छळले. निदर्शने त्या मुलांसाठी झाली. पावसावर सगळे ढकलले की त्या पोलिसांचे आणि त्यांच्यावरच्यांचे काम सोपे होते.

दुसरे उदाहरण नील नदीचे. १९५९ च्या कराराने इजिप्तने वर्षाला ५५.५ अब्ज घनमीटर आणि सुदानने १८.५ अब्ज घनमीटर पाणी आपसांत वाटून घेतले. जिथून बहुतांश पाणी येते त्या इथिओपियाला त्यात स्थानच नव्हते. २०११ मध्ये इथिओपियाने नील नदीच्या निळ्या शाखेवर मोठे धरण बांधायला घेतले, तेव्हापासून धमक्या दिल्या गेल्या, वाटाघाटी फिसकटल्या आणि प्रकरण सुरक्षा परिषदेपर्यंतही गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये धरणाचे उद्घाटन झाले आणि इतक्या वर्षांत त्यावरून युद्ध झालेले नाही. तणाव आहेच; पण पाण्यावरून भांडणारे देश बहुधा बोलत राहतात, कारण नदी दोघांनाही उद्या लागणारच असते.

अथांग (धागाकर्ता)

इतके सविस्तर प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते. सर्वांचा ऋणी आहे. वाचताना माझा मूळ प्रश्नच थोडा सरकला. नकाशा, जुने करार, खनिजे, नागरिकत्वाचे कायदे, पोसलेल्या टोळ्या हे सगळे मिळून सरपण रचले जाते, असे दिसते. सरपण तर जगात अनेक ठिकाणी आहे. मग ते पेटले नाही अशा जागांचा अभ्यास करायला नको का? अशी उदाहरणे कोणाला ठाऊक आहेत का?

अक्षवृत्त

दोन उदाहरणे देतो. पहिले ओलांड बेटांचे. बेटे फिनलंडची, माणसे स्वीडिश भाषक आणि त्यांना स्वीडनमध्ये जायचे होते. १९२१ मध्ये राष्ट्रसंघाने बेटे फिनलंडकडे ठेवली आणि त्याच वेळी तिथल्या लोकांची भाषा, जमीन आणि स्वायत्तता यांना हमी दिली व बेटांवर लष्कर नसावे असे ठरवले. ज्याला भूमी मिळाली त्याच्यावर बंधने आली आणि ज्यांना हवा तो देश मिळाला नाही त्यांना त्यांचे जगणे मिळाले. एका शतकात तिथे या प्रश्नावरून कोणी मेले नाही.

दुसरे पेरू आणि इक्वाडोर यांचे. १९९५ मध्ये सेनेपा नदीच्या जंगलात दोघे लढले आणि तिविंझा हे ठिकाण इक्वाडोरसाठी शौर्याचे प्रतीक बनले, कारण तिथे त्यांचे सैनिक पडले होते. १९९८ च्या ब्राझिलियाच्या समझोत्यात सीमारेषा पेरूच्या म्हणण्याजवळ राहिली, पण तिविंझा येथील एक चौरस किलोमीटर जमीन इक्वाडोरला खासगी मालकीने देण्यात आली. सार्वभौमत्व पेरूचे आणि मालकी इक्वाडोरची. एखाद्याने शेजाऱ्याच्या गावात जमीन घ्यावी तशी ही व्यवस्था आहे. दोन्ही राष्ट्रपतींना घरी जाऊन सांगण्यासारखे काही तरी मिळाले.

नकाशावेडा

तिविंझाचे उदाहरण मला माहीत नव्हते आणि त्याने माझे मत थोडे हलवले. पण त्याला जोडूनच बाडमेचे उदाहरण वाचा, कारण तिथे कागद अगदी बरोबर असूनही काम झाले नाही. हे इथिओपिया आणि एरिट्रिया यांच्या सीमेवरचे धुळीने माखलेले छोटे गाव. १९९८ ते २००० या काळात त्यावरून सुरू झालेल्या युद्धात हजारो सैनिक मेले. डिसेंबर २००० च्या अल्जीअर्स करारात दोघांनी मान्य केले की सीमा आयोगाचा निकाल अंतिम आणि बंधनकारक राहील. १३ एप्रिल २००२ रोजी निकाल आला. त्यात बाडमे कुठे पडते हे ठळकपणे दाखवलेले नसल्याने दोन्ही देशांनी विजय साजरा केला. पुढे ते एरिट्रियाच्या बाजूला असल्याचे स्पष्ट झाले आणि इथिओपियाने ते सोडले नाही.

सीमोल्लंघन

तिथे निकाल होता आणि हमीदार देशही होते. फरक कुठे पडला?

नकाशावेडा

माझ्या समजुतीप्रमाणे फरक असा की तिविंझाच्या वेळी हमीदार असलेले अर्जेंटिना, ब्राझील, चिली आणि अमेरिका अखेरपर्यंत खोलीत बसून राहिले, तर बाडमेच्या निकालानंतर कोणी इथिओपियावर खरा दबाव आणला नाही. दहशतवादाविरुद्धच्या मोहिमेत तो देश पाश्चात्त्यांना हवा होता. २०१८ मध्ये इथिओपियाचे पंतप्रधान अबी अहमद यांनी निकाल मान्य केल्याचे जाहीर केले, त्यांना पुढच्या वर्षी शांततेचे नोबेल मिळाले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये इथिओपियाच्याच टिग्राय प्रांतात युद्ध पेटले, ज्यात एरिट्रियाचे सैन्य इथिओपियाच्या केंद्र सरकारच्या बाजूने उतरले. बाडमे गाव तिन्ही वेळी त्याच जागी होते, हे मी आता स्वतःच लिहितो आहे, याची तिसरी_बाजू यांनी नोंद घ्यावी.

तिसरी_बाजू

नोंद घेतली आणि हमीदारांच्या मुद्द्यासाठी आभार. तो माझ्या लक्षात आला नव्हता. अथांग, वाचायला सुरुवात करणार असाल तर अल्जीअर्सचा आणि ब्राझिलियाचा असे दोन्ही करार शेजारी ठेवून वाचा. दोन्हींत 'निकाल न पाळल्यास काय' या प्रश्नाला किती ओळी दिल्या आहेत, ते आधी पाहा.

अथांग (धागाकर्ता)

दोन्ही मिळवतो. वाचून झाल्यावर याच धाग्यात लिहीन.